घरी न्यायच्या औषधासाठी लागणारे अश्रू

माणूस बरा झाला आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच माणसाला देणं धोक्याचं असतं. तो ‘हो’ म्हणण्याची शक्यता फार. म्हणून जगातल्या सगळ्या सुज्ञ व्यवस्थांनी हा अधिकार अशा माणसांकडे सोपवला आहे, ज्यांना तो बरा झाल्याने काडीचा फरक पडत नाही. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

ओश शहरात बाजारामागच्या गल्लीत अशी सुज्ञता बाळगणारं एक केंद्र होतं. त्याला एक खिडकी होती आणि एक खोली. खिडकीतून रोज सकाळी मेथाडोनचं गोडसर पातळ औषध मिळे. नशेच्या पांढऱ्या पुडीने ज्यांची हाडं पोखरली होती, त्यांनी ते प्यायलं की दिवसभर हाडं गप्प बसत, आणि माणूस पुडीमागे न धावता आपापल्या कामाला लागे. खोलीत समुपदेशन मिळे. औषधाच्या जोडीला मनातलं बोलणं असलं की माणूस जास्त टिकतो, असं जाणत्यांनी सांगून ठेवलं आहे आणि ते खरंही आहे. (खरी गोष्ट सापडली की तिचा नियम करायचा, आणि नियम झाला की त्याला कुलूप लावायचं. केंद्राने एवढंच केलं.)

नियम असा होता. औषध रोज खिडकीपाशी येऊन, परिचारिकेसमोर प्यायचं. काही दिवसांचं औषध एकदम घरी न्यायचं असेल तर खोलीची शिफारस लागेल. खोली शिफारस करील ती रुग्णाच्या मनाचा खुलेपणा पाहून. आता खुलेपणा काही वजनकाट्यावर ठेवता येत नाही. म्हणून केंद्राचे मोठे डॉक्टर असिलबेक यांनी तळ्याकाठच्या एका विश्रामगृहात झालेल्या प्रशिक्षणात त्याच्या पाच पायऱ्या ठरवून आणल्या: नकार, चिडचिड, खालचा ओठ थरथरणे, डोळे पाणावणे, आणि रडणे (आवाजासह). ‘आवाजासह’ हा शब्द बऱ्याच चर्चेनंतर घालण्यात आला, कारण एका रुग्णाने साध्या सर्दीवर चौथी पायरी गाठली होती. पाचवी पायरी गाठणाऱ्यालाच औषध घरी मिळे. या पद्धतीमुळे एकाच वर्षात रुग्णांच्या खुलेपणात चाळीस टक्क्यांनी वाढ झाली. (त्यातली निम्मी कांद्याच्या हंगामात.)

या प्रगतीला एकच माणूस आडवा येत होता. त्याचं नाव तुर्दाकुन.

तुर्दाकुन बाजारात तंदूर लावून नान भाजायचा. वय बावन्न, हात कोपरापर्यंत भाजलेले, बोलणं मोजकं. गेली सहा वर्षं तो खिडकीपाशी येत होता. सहा वर्षांत त्याने पुडीला हात लावला नव्हता, कामाला खाडा केला नव्हता, कुणाशी भांडला नव्हता. थोडक्यात, समुपदेशनाच्या दृष्टीने माणूस अगदीच निरुपयोगी होता.

खोलीत बसायची आयतुर्गान. सव्वीस वर्षांची, बिश्केकहून शिकून आलेली, मनाने चांगली. ओशमध्ये मोठ्या भावासारख्या माणसाला ‘आके’ म्हणतात, तशी ती त्यालाही म्हणे. दर आठवड्याला त्यांचं एकच बोलणं व्हायचं.

“कसे आहात, आके?”

“शुक्र आहे. बरा आहे.”

“मनात काही साठलंय का?”

“नाही पोरी. पीठ भिजवलं की डोक्यात तेवढंच असतं.”

आयतुर्गान सुस्कारा टाकून लिहायची: नकार. यात दोघांचाही दोष नव्हता. ओशमध्ये कुणी ‘कसे आहात’ विचारलं तर वरचं छप्पर खाली आलेलं असलं तरी माणूस ढिगाऱ्याखालून ‘शुक्र आहे’ असंच म्हणतो. दुःख चारचौघांत मांडणं म्हणजे अंगावरचे कपडे फेडणं. आणि तुर्दाकुनच्या बाबतीत तर तो खरंच बरा होता, ही अधिकची अडचण.

तरीही त्याचं सगळं बरं चाललं असतं, पण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलीचं नाव झिबेक. सासर आत-बाशीला, डोंगरांच्या पलीकडे, जायलाच दीड दिवस. तिच्या आईने तिला घेऊन आधीच तिकडे मुक्काम हलवला होता. लग्नात मुलीच्या बापाने व्याह्यांच्या दस्तरखानाशी, म्हणजे जेवणाच्या चादरीभोवती, मानाच्या जागी बसायचं असतं, आणि मेंढ्याचा मानाचा वाटा स्वतःच्या हाताने कापून वाढायचा असतो. औषधावाचून दुसऱ्या दिवशी त्याचे हात असे थरथरले असते, की व्याह्यांनी सुरी काढून घेऊन मुलीलाही परत पाठवलं असतं. गेलाच नाही, तर बाप असून आला नाही हे मुलीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. झिबेक निघताना एवढंच म्हणाली होती, “बाबा, या हं.” तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि त्यामुळेच ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याला तीन दिवसांचं औषध हवं होतं. त्याने तसा अर्ज केला. केंद्राने त्यावर सहानुभूतिपूर्वक विचार करून कळवलं, की रुग्ण सहा वर्षांपासून पहिल्याच पायरीवर असल्याने त्याला रोजच्या देखरेखीची गरज आहे.

आता जोलचूबद्दल. जोलचू पूर्वी मिनीबस चालवायचा आणि सध्या केंद्राचा आदर्श रुग्ण होता. दर गुरुवारी तो खोलीत जाऊन नदीत बुडालेल्या धाकट्या भावासाठी रडायचा आणि आठवड्याचं औषध पिशवीत घालून घरी न्यायचा. (जोलचूला भाऊ नव्हता. चार बहिणी होत्या, चौघींनाही उत्तम पोहता येई.) तुर्दाकुनची कथा ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

“तू तिथे जाऊन ‘बरा आहे’ सांगतोस? अरे, न्हाव्याकडे जाऊन टोपी काढायची नाही म्हणण्यासारखं झालं हे. त्या पोरीची नोकरी आहे.”

“मग काय सांगू?”

“सांगू नको. रड.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? बावन्न वर्षांत रडण्यासारखं काहीच झालं नाही? मग तू होतास कुठे?” जोलचू उदार होऊन म्हणाला, “माझा भाऊ घे हवा तर. फक्त गुरुवारच्या आत परत कर.”

तुर्दाकुनने भाऊ घेतला नाही. उसनं दुःख त्याला पटेना. पण रडायचं कसं, हाही प्रश्न होता, कारण त्या मुलखात पुरुषाला रडायला एकच जागा नेमून दिलेली आहे: मयताचं घर. तिथला रिवाज ठरलेला. गल्लीच्या कोपऱ्यावरूनच कमरेला पट्टा आवळायचा, काठीवर रेलायचं आणि हंबरडा फोडत दारापर्यंत जायचं. दारातल्या माणसांनी तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायचं. खांद्यावर हात पडला की थांबायचं, हात धुवायचे आणि जेवायला बसायचं. मयत कोण हे ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. आधी रडायचं, मग विचारायचं. ही विद्या प्रत्येक मुलगा घोड्यावर बसायला शिकायच्या वयात शिकतो. दुसऱ्या कोणत्याही प्रकारे रडणं तुर्दाकुनला येत नव्हतं. म्हणून त्याने येत होतं तेच करायचं ठरवलं.

मंगळवारी सकाळी औषध पिऊन झाल्यावर त्याने पट्टा आवळला. काठी नव्हती, म्हणून व्हरांड्यातलं फरशी पुसायचं दांडकं घेतलं. आणि त्यावर रेलून, “हाय माझ्या पहाडा, हाय माझ्या आधारा,” असा टाहो फोडत तो समुपदेशनाच्या खोलीत शिरला.

सुरुवात साफ खोटी होती. पण हा असा टाहो आहे की त्यात पुढे नावं घ्यावी लागतात. नुसत्या पहाडावर भागत नाही. तुर्दाकुनने तोंडाला येतील ती नावं घेतली. मामासाली आला. एर्गेश आला. मग कापारचं नाव आलं, आणि तिथे त्याचा आवाज त्याच्या हातातून सुटला.

समोर आयतुर्गान. तिला विद्यापीठात सलग पाच वर्षं शिकवलं होतं, की रुग्ण रडू लागल्यास शांत राहावं, थोडं पुढे झुकावं, कागदी रुमालांचा डबा सरकवावा. पण त्याच्या आधीची अठरा वर्षं तिला आजीने वाढवलं होतं. दारात पुरुषाचा टाहो ऐकू आला की घरातल्या बाईने भिंतीकडे तोंड करून विलाप गायचा, हे तिच्या हाडात होतं. डबा सरकवायच्या आत ती भिंतीकडे वळली आणि तिने स्वर लावला. आवाज सुरेख होता.

पुढचं सगळं रिवाजानुसार झालं. खिडकीतली परिचारिका विलापात सामील झाली. रांगेतल्या रुग्णांनी टोप्या नीट केल्या आणि दारात उभं राहून उत्तर द्यायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना केंद्रातून टाहो ऐकू आला. बहिरा वा परदेशी सोडला तर ओशचा कोणताही माणूस अशा वेळी पुढे जाऊ शकत नाही. बाजारातले कसाई आले, थांब्यावरचे टॅक्सीवाले आले. तासाभरात अंगणात लोकरी तंबू उभा राहिला. मेंढा कुठून आला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मयताच्या घरी मेंढा येतोच.

तुर्दाकुन हादरला. त्याने दोघातिघांच्या कानात सांगून पाहिलं, की कुणी मेलेलं नाही. त्यांनी त्याला आणखी घट्ट मिठी मारली. पहिल्या दिवशी असंच वाटतं, म्हणाले. (इथेही तो पहिल्याच पायरीवर ठेवला गेला.) तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की एवढ्या माणसांना नान पुरणार नाहीत, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हा नानवाला आहे. काम मिळाल्याबरोबर तुर्दाकुनला हायसं वाटलं. तो तंदुराकडे निघून गेला.

तो गेला आणि मोठे डॉक्टर बैठकीहून परतले. केंद्राच्या अंगणात तंबू, दाराशी पट्टा बांधलेल्या पुरुषांची रांग. डॉक्टर असिलबेक शास्त्र मानणारे गृहस्थ होते, पण फाटकातून गप्प आत जाण्याइतके नव्हते. त्यांनी गाडीतूनच पट्टा आवळला आणि रडत उतरले. त्यांच्या मागोमाग चालकही रडला.

दुपारी जेवणं झाल्यावर प्रश्न आला तो नावाचा. मोहल्ल्यातले सर्वांत वडील शेरमात आजोबा तंबूत बसले होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवून विचारलं, “गेलं कोण?”

प्रत्येकाने आपल्या बाजूला बसलेल्याकडे पाहिलं. मेंढा पोटात गेला होता. आता ‘कुणी नाही’ म्हणणं म्हणजे दीडशे माणसांना एकदम खोटं पाडणं. आजोबांची नजर फिरत फिरत जोलचूवर थांबली. जोलचूने भराभर विचार केला. खरोखर मेलेल्याचं नाव घ्यावं तर त्याचे नातेवाईक येऊन हिशेब विचारणार. जिवंत माणसाचं घेतलं आणि तो समजूतदार असला, तर ऐकून घेईल. शिवाय त्याच्या घरचे गावात नसले की बरं.

“आमचा तुर्दाकुन,” तो म्हणाला. “नानवाला.”

कुणीही हरकत घेतली नाही; ज्यांनी त्याला नान भाजायला पाठवलं होतं, त्यांनीही नाही. देह कुठे आहे, असं एकाने हळूच विचारलं. दवाखाना आहे, सहीसाठी अडला असेल, असं दुसऱ्याने समजावलं, आणि ते सर्वांना पटलं. नशेकरी मेला यात तर शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. उलट इतका उशीर का लागला, याचंच दोघातिघांना नवल वाटलं.

“कसा होता माणूस?” आजोबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

“चांगला होता,” सगळे रिवाजाप्रमाणे म्हणाले. आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, खरंच बोलू लागले. शेजारी म्हणाला की त्याच्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. (मध्ये भिंत त्यानेच उंच करून घेतली होती.) चहावाला डोळे पुसत म्हणाला, “माझ्या दुकानात त्याचा कप वेगळा ठेवलेला असायचा.” एका कसायाने सांगितलं, की त्याच्या हातच्या नानला तोड नव्हती, आपण कधी खाल्ला नाही ही चूकच झाली.

शेवटी डॉक्टर असिलबेक उभे राहिले. “सहा वर्षं,” ते म्हणाले. “एकदा चुकला नाही की एकदा खोटं बोलला नाही. असा रुग्ण मी पाहिला नाही. त्याने मागितलं असतं तर दहा दिवसांचं औषध मी माझ्या हाताने बांधून दिलं असतं.”

तंबूत हुंदके फुटले. मग शेरमात आजोबांनी तो प्रश्न विचारला, जो तिथे प्रत्येक मयताच्या वेळी मातीआधी विचारतात आणि ज्याच्या उत्तराला कुणी नाही म्हणत नाही. “मयताचं कुणाकडे काही येणं राहिलं असेल, नाहीतर मयताकडे कुणाचं, तर आत्ताच बोला.”

“माझं राहिलंय,” तंबूच्या दारातून आवाज आला.

गरम नानांची टोपली डोक्यावर घेऊन तुर्दाकुन उभा होता. बराच वेळ उभा असावा, कारण वरचे नान निवले होते.

“डॉक्टरांकडे,” तो म्हणाला. “ते दहा दिवसांचं म्हणाले. मला तीन पुरे.”

माणूस मेलेला नाही हे कळल्यावर लोकांना आनंद होतो, अशी एक समजूत आहे. अंगणातल्या लोकांचे चेहरे पाहता तिला आधार सापडला नाही. शेजाऱ्याला आपण काय काय बोलून बसलो ते आठवत होतं. चहावाल्याने पुसलेले डोळे पुन्हा पुसले, या वेळी रागाने. मागून कुणीतरी, “एवढं रडवलं आणि मेला पण नाही,” असं पुटपुटलं, आणि ते बहुतेकांच्या वतीने होतं.

“हा तर जिवंत आहे,” डॉक्टर म्हणाले.

“ते दवाखान्याचं काम, तुम्ही बघा,” शेरमात आजोबा म्हणाले. “मी देण्याचं विचारतोय.”

“आजोबा, ते मी दुखवट्यात बोललो. ते काही वैद्यकीय मत नव्हतं.”

“म्हणजे दुखवट्यात खोटं बोललात?”

डॉक्टरांनी भोवती पाहिलं. हो म्हणावं तर मोहल्ल्यात पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. नाही म्हणावं तर औषध द्यावं लागणार. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

बाटल्या आयतुर्गानने आणून दिल्या. तिचे डोळे अजून लाल होते. बाकीची माणसं चपला शोधत होती. तिने हलक्या आवाजात विचारलं, “आके, मघाशी खोलीत तुम्ही नावं घेतलीत. ती कुणाची?”

“माझ्याबरोबरची पोरं होती,” तुर्दाकुन म्हणाला. “ही खिडकी व्हायच्या आधीची.”

“त्यांच्या वेळी तंबू…?”

“नाही. घरच्यांना लाज वाटायची. गुपचूप नेलं. मीही रडलो नव्हतो. तेव्हा पुडी असायची ना.”

आयतुर्गानच्या हातात पेन होतं. तिने ते टोपण लावून खिशात ठेवलं.

“लग्नाहून आल्यावर सांगाल त्यांच्याबद्दल?”

“सांगेन. पण पोरी, पायऱ्या नकोत.”

“नाहीत.”

केंद्राच्या इतिहासातलं हे पहिलं समुपदेशन. साहजिकच त्याची कुठेही नोंद नाही.

तुर्दाकुन आत-बाशीला वेळेवर पोहोचला. तिन्ही सकाळी, मग वाटेत असो की तिथल्या तबेल्यामागे, त्याने आपलं औषध घेतलं, आणि मानाच्या जागी बसून मेंढ्याचा वाटा असा कापला की व्याही म्हणाले, हात बघा किती स्थिर आहे. झिबेकने पडद्यामागून पाहिलं आणि मग निवांत जेवली. चौथ्या सकाळी तो खिडकीपाशी रांगेत हजर होता. मोहल्ल्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. फसवणूक विसरायला माणसांना वेळ लागतो. केंद्राने नियमात दुरुस्ती केली, की यापुढे रुग्णाची स्तुती केवळ मृत्यूचा दाखला पाहूनच करावी.

राहता राहिलात तुम्ही. पुडीचं नाव निघालं तेव्हापासून, म्हणजे जवळपास पहिल्या पानापासून, तुम्ही एक डोळा या नानवाल्यावर ठेवून होतात: आता घसरेल, आता परत पुडी घेईल, निदान घाटात तरी काहीतरी होईल. अशा माणसाची गोष्ट कशी संपते हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि शेवटी टाकायचा उसासाही तुम्ही काढून ठेवला होता. तो वाया गेला. तुर्दाकुन धडधाकट आहे, या क्षणी पीठ मळतो आहे. तुमची जी थोडीशी निराशा झाली, तिच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर आयतुर्गानची खोली उघडी असते. फक्त ‘मला काही नाही, मी बरा आहे’ असं तिला सांगू नका. ते तिथे कुणी खरं धरत नाही.